बिनधुराची शेगडी

डोळे मीट. अगदी घट्ट नको, वाचायचंय अजून. मनातल्या मनात मीट. आता असं धर की तू शाळेत जाणारं मूल नाहीस. तू एक मोठा माणूस आहेस, नाव धनेश, चाकणला एका कंपनीत पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर सुपरवायझर. रात्रपाळी करून सकाळी मोशीला, सहाव्या मजल्यावरच्या घरी आलास आणि हॉलमध्ये सतरंजीवर आडवा झालास. पायांत अजून मशीनची थरथर आहे. डोळा लागतो न लागतो तोच आतल्या खोलीच्या छतावरून काहीतरी किंचाळलं. माणूस असं किंचाळत नाही, जनावरही नाही. कानातून शिरून दाढेत जाऊन बसावा असा आवाज. राग येईल ना? तोच राग धरून ठेव, सोडू नकोस, कारण ही गोष्ट त्या रागाच्या आतच घडते. या माणसाची कीव करायची नाही आणि त्याला हसायचंही नाही. नुसतं त्याच्या डोक्यात बसून राहायचं. तिथं जागा कमी आहे, आणि हवाही फारशी नाही.

धनेश उठला तो कुणाला तरी मारायला उठावं तसा. खोलीत पांढरा धूर भरला होता. खाली धुपाटण्यात ओवा, बाळंतशेपा आणि लसणाची सालं जळत होती, आणि त्याची आई, कौशल्याबाई, नुकतंच न्हायलेलं बाळ दोन्ही हातांवर आडवं घेऊन त्या धुरावर मागेपुढे हलवत होती. बाळ जीव तोडून रडत होतं. लोखंडी खाटेवर दिपाली, त्याची बायको, कानांवर उशी दाबून बसली होती. आणि छतावर ते पांढरं, बशीएवढं यंत्र लाल डोळा मिचकावत थांबून थांबून किंचाळत होतं, टीं टीं टीं, पुन्हा टीं टीं टीं.

“धना, त्याचं तोंड दाब आधी!” कौशल्याबाई ओरडली. “तुझ्या मेव्हण्यानं भूत टांगून ठेवलंय डोस्क्यावर. लेकरू दचकून अर्धं झालं.”

“खिडकी उघडा ना आई,” दिपाली उशीआडून म्हणाली. “आपोआप थांबेल ते. निरंजन म्हणाला होता.”

“हां, उघड! ओल्या बाळंतिणीला वारा लागू दे. पुढं हाडं वाजायला लागली की बोलव मग निरंजनला तेल चोळायला.”

निरंजन म्हणाला होता. त्या किंचाळीपेक्षा हे शब्द धनेशला जास्त लागले. निरंजन दिपालीचा धाकटा भाऊ. वाकडला राहतो, संगणकावर काम करतो, त्याच्या नखात कधी ग्रीस गेलेलं नाही. बाळाला बघायला आला तेव्हा त्यानं झबलं आणलं नाही, टोपडं आणलं नाही. हे यंत्र आणलं आणि ड्रिल मशीन. ‘दाजी, तुमच्या बाथरूमला गॅस गीझर आहे, आता बाळंतपणाची शेगडीपण पेटणार. लहान लेकरं आहेत घरात, असू दे,’ एवढं बोलून तो स्टुलावर चढला. लावू का, असं विचारलं नाही. धनेशच्या छताला भोक पाडलं. खाली उभ्या असलेल्या धनेशच्या केसांत, भुवयांवर प्लॅस्टरचा पांढरा भुगा पडला आणि दिपाली हसली. नवऱ्याकडे बघून भावाबरोबर हसली. मग निरंजननं स्वरूपाला, धनेशच्या थोरल्या मुलीला, पुढ्यात घेतलं. स्वरूपा दुसरीत आहे, तिला शिकवलेलं सगळं पाठ होतं. तो तिला म्हणाला, ‘तीनदा तीनदा वाजलं तर धूर. चारदा चारदा वाजलं तर तो दुसरा, विषारी वायू, ज्याला वास नाही आणि रंग नाही. निखाऱ्यातून निघतो, गीझरातून निघतो. तो आला की माणसाला काय होतं?’ ‘डोकं दुखतं. झोप येते. पाय उचलत नाहीत.’ ‘मग काय करायचं?’ ‘दार उघडायचं, बाहेर जायचं, जिन्यापाशी.’ ‘आणि पप्पांना विचारायचं का, जाऊ का म्हणून?’ स्वरूपा गोंधळली. धनेशकडे बघून ओशाळं हसली. ‘नाही विचारायचं,’ निरंजन म्हणाला होता. ‘वाजलं की कुणालाच नाही विचारायचं. आधी बाहेर.’ आपल्याच घरात, आपल्याच मुलीला, आपल्यासमोर. धनेश तेव्हा केसांतला भुगा झटकत राहिला. तो भुगा अजून कुठंतरी राहिला आहे असं त्याला रोज वाटे. कंपनीत हेल्मेट काढलं की तो डोकं खाजवायचा आणि नखं बघायचा.

आता तो त्याच स्टुलावर चढला. यंत्र पिरगाळून छतावरून सोडवलं तरी ते त्याच्या हातात किंचाळतच राहिलं. सेल काढावा तर त्याला झाकणच नव्हतं. असली वस्तू बनवणाऱ्याला माणसाचा स्वभाव ठाऊक असणार, माणूस सेलच काढणार हे त्यानं आधीच ओळखलेलं असणार. म्हणजे कुठल्याशा परक्या देशातला एक न पाहिलेला माणूस धनेशला ओळखून होता आणि त्याच्यावर त्याचा विश्वास नव्हता. धनेशनं दात आवळले, यंत्र बाल्कनीत नेलं, गप्प होईपर्यंत मोकळ्यावर धरलं. मग ओट्यावरची दुधाची रिकामी पिशवी धुऊन पुसून त्याच्यावर चढवली आणि वरून काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली, घट्ट, कंपनीत शिकलेल्या हातानं, एकही सुरकुती न ठेवता. स्वरूपा दारात उभी राहून बघत होती.

“पप्पा, त्याला श्वास घेता येणार नाही.”

“त्याला श्वास लागत नाही.”

“मग त्याला कळणार कसं?”

“काय कळायचंय त्याला? घरात मी आहे ना!” तो इतक्या जोरात बोलला की आतून बाळ पुन्हा दचकून रडलं, आणि त्या रडण्याचा दोषही त्यानं मनात निरंजनच्याच नावावर घातला.

कंपनीत हूटर दिवसातून कितीदा वाजतो ते कुणी मोजत नाही. प्रेसच्या तोंडाशी न दिसणाऱ्या उजेडाचा पडदा असतो. हात आत गेला की मशीन थांबतं आणि हूटर बोंबलतो. पण हात नसतानाही थांबतं. तेलाचा शिंतोडा, धूळ, कुणाची सैल बाही. दर वेळी थांबत बसलं तर माल कधी निघायचा? धनेश नवा होता तेव्हा जयसिंगनं, त्याच्या वरच्या माणसानं, पडद्याच्या मागे वाकून वायरीचा एक तुकडा कसा जोडायचा ते दाखवलं होतं. तुकडा जोडला की पडदा आंधळा होतो, हूटर मुका होतो आणि मशीन चालत राहतं. ‘बोंबलणाऱ्याकडं बघायचं नसतं, भावा. बोंब बंद करायची आन् पुढं चालायचं,’ जयसिंग म्हणाला होता आणि त्याच्या पाठीवर थाप मारली होती. ती थाप धनेशला अजून आठवते, कारण त्या थापेनं तो कामगारांतून निघून माणसांत आला. आणि काही झालं नाही. इतकी वर्षं गेली, काही झालं नाही. रोहिदास नावाच्या कामगाराची दोन बोटं गेली ती उलट ज्या मशीनचा पडदा चालू होता त्यावर, हे धनेश सगळ्यांना सांगे. सांगताना त्याला एक कडवट समाधान वाटे, जणू त्या बोटांनी त्याची बाजू घेतली होती. हूटर वाजला की आता त्याची मान मशीनकडे वळत नाही. हात वळतो, हूटर मुका करणाऱ्या लाल बटणाकडे. मान वळायच्या आधी हात पोचलेला असतो. घरी, जेवताना, कुकरची शिट्टी झाली तरी उजवा हात ताटावरून थोडा उचलला जातो. स्वरूपाला त्याची गंमत वाटते.

टेप गुंडाळलेलं यंत्र त्यानं हत्यारांच्या पिशवीत टाकलं. ते तिथं राहिलं नाही. बाळ आल्यापासून स्वरूपाला कुणी बाळाला हात लावू दिला नव्हता. ‘पाडशील,’ कौशल्याबाई म्हणायची, ‘लांबून बघ. मान धरता येती का तुला?’ स्वरूपा लांबून बघायची आणि हवेत हात धरून मान धरायचा सराव करायची. मग तिला हे यंत्र सापडलं. तिनं टेप नखानं सोडवली, पिशवी काढली, पंचात गुंडाळलं, आणि एका हाताचा तळवा त्याच्या काठाखाली, दुसरा हात खालून, असं धरून ती घरभर हिंडू लागली. धनेशनं ते पाहिलं होतं. यंत्र आंधळं नाही, नुसतं पंचात गुंडाळलेलं आहे, हे त्याला दिसलं होतं. त्याला वाटलं, बरंय. निरंजनच्या यंत्राची बाहुली झाली, एवढीच त्याची लायकी.

दिपाली मात्र त्या दिवसापासून त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली. बोलणं बंद केलं असतं तर भांडता आलं असतं. ती ‘हो’ म्हणायची, ‘नाही’ म्हणायची, जेवण झालं की ताट उचलायला सांगायची, आणि छताकडे बघायची. तिथं आता पांढरी चकती आणि चार स्क्रू उरले होते. रात्रपाळीला निघताना धनेशला वाटे, आपल्या पाठीमागे ही त्या चकतीकडेच बघत असेल. नवऱ्यापेक्षा तिला छताचं एक भोक भरवशाचं वाटतं.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. इंद्रायणीकडून थंडी वर चढून आली होती, बाल्कनीतल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. मोशी गावातून रोज येणारी शालनबाई बाळ-बाळंतिणीला तेल लावून, कढत पाण्यानं न्हाऊ घालून निघाली होती. “आज शेक जरा जास्तीच घ्या,” ती चपला घालताना म्हणाली. “कोळसा बाल्कनीतच फुलू द्या. धूर हाय तवर आत न्यायचा न्हाई, लेकराच्या डोळ्याला लागतो.”

“ते काय मला सांगायचंय व्हय?” कौशल्याबाई म्हणाली. “तीन बाळंतपणं काढली मी.”

तिनं शेगडी बाल्कनीत ठेवून पुठ्ठ्यानं वारा घातला. कोळशाचा धूर आधी काळा, मग निळा, मग पातळ झाला, मग नुसती हवा थरथरताना दिसू लागली. निखारे डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल झाले. “बघ धना, धूर हाय का कुठं? आता तुझ्या मेव्हण्याच्या भुतालासुद्धा तोंड उघडायला जागा न्हाई.” दोघं हसली. खूप दिवसांनी हसली, आणि दोघांची एकाच माणसावर हसण्याची ती ऊब धनेशला लहानपणासारखी वाटली. त्यानं स्वतः शेगडी उचलून आत नेली, खाटेखाली सरकवली. खिडकीच्या फटीत आईनं फडकं कोंबलेलं होतंच. “मी हळिवाची खीर टाकते,” म्हणत ती बाहेर गेली आणि जाताना दार ओढून, बाहेरून उंबऱ्याशी जुन्या साडीची गुंडाळी पायानं दाबून बसवली. धनेश आतच राहिला. कपाटाला पाठ टेकून खाली बसला. आज दिपालीकडून एक वाक्य काढायचंच, असं त्यानं ठरवलं होतं. कामाचं नसलेलं एक वाक्य.

ते आलं. “ते परत लावा ना वर.”

“धूर कुठंय? दाखव मला. कुठंय धूर?”

“मी धुराचं म्हणत नाहीये.”

“मग कशाचं म्हणतेस? न दिसणारं, वास न येणारं? तुझ्या भावाला दिसतं वाटतं वाकडहून.”

तिनं बोटांनी कपाळ दाबलं. मग म्हणाली, “माझं डोकं दुखतंय हो.”

“न्हाल्यावर दुखतंच.”

त्याचंही दुखत होतं. रात्रपाळीच्या आठवड्यानंतर सुट्टीच्या दिवशी असं दुखायचंच. कानशिलांत कुणीतरी लाकडी हातोडीनं हळू हळू ठोकत होतं, घाई नसलेलं. तो दिपालीकडे बघत राहिला. तिनं डोळे मिटले होते, गाल लाल झाले होते. शेकानं तेज आलं, त्याला वाटलं, आई म्हणते ते खोटं नाही. बाळही आज न रडता तिच्या कुशीत पडलं होतं, शेक लागला की लेकरू कसं निवांत होतं. त्याला गावाकडची, परळीच्या बाजूची आईची खोली आठवली. धाकट्या बहिणीच्या वेळी अशीच शेगडी, असाच खाटेखालचा लाल उजेड. तो खाटेच्या पायाशी बसायचा आणि वर बघायचा. वर पत्रे होते, पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये हातभर फट होती आणि तिच्यातून चिमण्या येऊन-जाऊन असायच्या. चिमण्या. इथं चिमणी कुठून येणार? निरंजनला विचारायला हवं, लावली असती त्यानं एखादी, ड्रिल मारून. या कल्पनेवर त्याला हसू आलं, आणि ते हसू तोंडापर्यंत यायला फार वेळ लागला. तोंड लांब होतं. हातही लांब होते, मांडीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखे पडले होते. आपण काहीतरी विचार करत होतो, चिमण्यांच्या आधी, फटीच्या आसपास काहीतरी होतं, महत्त्वाचं. त्यानं ते पुन्हा धरायला मन पुढं केलं तर तिथं जयसिंग उभा होता आणि पाठीवर थाप मारत होता, काही झालं नाही, भावा, काही झालं नाही. मळमळलं. त्याला राग आला, पण कुणाचा ते आठवेना. नाव नसलेला राग तसाच छातीवर बसून राहिला, पोतं ठेवल्यासारखा. उठून पाणी प्यावं, असं वाटलं. उठायचं ठरवून तो तसाच बसला.

दार ढकलल्याचा आवाज आला. साडीची गुंडाळी फरशीवर घासली. स्वरूपा आत आली, पंचातलं आपलं बाळ दोन्ही हातांवर घेऊन, मान सांभाळत. तिनं दार नीट लावून घेतलं, कारण या घरात दार उघडं टाकलं की आजी ओरडते.

“माझ्या बाळाला पण शेक द्यायचाय,” ती कुजबुजली. “पप्पा, देऊ ना?”

त्यानं मान हलवली असावी. ती खाटेशी उकिडवी बसली. आजी धरते तसं तिनं ते पांढरं यंत्र आडवं धरलं आणि खाटेखालच्या लाल उजेडावर मागेपुढे हलवू लागली. हलवताना काहीतरी गुणगुणत होती. धनेशच्या पापण्या खाली येत होत्या. तिचं गुणगुणणं लांबून, खालच्या मजल्यावरून यावं तसं येत होतं.

आणि ते किंचाळलं.

उजवा हात उचलला गेला. इतका वेळ जड झालेला, विसरलेला हात, पण हूटर म्हटल्यावर उचलला गेला, आपोआप पुढं झाला, तळवा वर करून. “आण इकडे,” धनेश म्हणाला. शब्द जाड होऊन आले. स्वयंपाकघरातून कौशल्याबाई ओरडली, “परत कुणी काढलं गं ते भूत? धना, दाब त्याचं तोंड!” धनेशचा अंगठा हवेतच बटण शोधू लागला. आवाज किती वेळा वाजून थांबतो हे त्यानं ऐकलं नाही. स्वरूपा ऐकत होती. तिचे ओठ हलत होते. चार. थांबलं. पुन्हा चार.

मग धनेशची मान वळली. हाताच्या नंतर, कितीतरी नंतर, पण वळली, आणि त्याला खाट दिसली. त्या दिवशी याच आवाजानं बाळ दचकून अर्धं झालं होतं. आज बाळ हललं नव्हतं. दिपालीनं कानांवर उशी घेतली नव्हती. तिचा हात खाटेखाली लोंबत होता, बोटं शेगडीच्या अगदी जवळ आली होती तरी ती मागे घेत नव्हती. त्या लाल, तेज आलेल्या दोन तोंडांकडे तो बघत राहिला आणि चिमण्यांच्या फटीजवळ मघाशी जे हरवलं होतं ते त्याला सापडलं. गावाच्या त्या खोलीला फट होती. त्याला ओरडायचं होतं, पळ, दार उघड, तुझ्या आईला ओढ, पळ. सगळं आयुष्य एकच गोष्ट शिकलेल्या तोंडातून मात्र पुन्हा तेवढंच आलं, “आण... इकडे,” आणि त्यानं उठायला गुडघा टेकला तर गुडघा त्याचा नव्हता.

स्वरूपा उभी राहिली. तिनं पप्पांच्या पसरलेल्या हाताकडे पाहिलं. मग खाटेकडे. तिनं काही विचारलं नाही. किंचाळणारं ते यंत्र तिनं पंचातून सोडवलं आणि वडिलांच्या तळव्यावर ठेवलं. तिचे हात रिकामे झाले. त्या रिकाम्या हातांतला एक तिनं बाळाच्या मानेखाली सरकवला आणि दुसरा पाठीखाली, हवेत इतके दिवस केला होता तसा, आणि बाळ उचलून छातीशी घेतलं. कोपरानं दाराचं हँडल दाबून ते उघडलं. पायानं साडीची गुंडाळी दूर लोटली. हॉल ओलांडला, बाळ एका हाताच्या कवेत घट्ट धरून, टाचा उंचावून बाहेरच्या दाराचं लॅच फिरवलं, आणि जिन्यातला गार वारा एकदम घरात शिरून थेट आतल्या खोलीपर्यंत आला.

“अगं ए!” मागून कौशल्याबाई हातात पळी घेऊन ओरडत धावली. “पाडशील ते! दार लाव आधी, वारा शिरायलाय!”

स्वरूपा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली, बाळाच्या तोंडावरचं दुपटं बाजूला केलं, आणि तिनं दार लावलं नाही.